कारकिर्दीच्या मध्यावर असल्याचा दाखला

माझ्या हातून समाजात मोठा बदल घडतो आहे, ही बातमी मला माझ्या मुलीनं दिली. मी त्या वेळी बेसिनखाली आडवा होऊन नळाचा वॉशर बदलत होतो.

"बाबा, तुम्ही नेते आहात," ती म्हणाली.

मी पान्हा मागितला. तिनं पान्ह्याबरोबर फोनही पुढे केला. त्यावर एका संस्थेची जाहिरात होती. सामाजिक आणि आर्थिक विषमतेशी झुंजणाऱ्या, कारकिर्दीच्या मध्यावर पोचलेल्या नेतृत्वासाठी एका वर्षाची फेलोशिप. पगाराइतका भत्ता, राहायला खोली, मोठ्या विद्यापीठात अभ्यास आणि देशोदेशीच्या अशाच झुंजार मंडळींशी गाठीभेटी. बेसिनखालून एवढं वाचायला वेळ लागला, पण वाचून झालं तेव्हा वॉशरमधला माझा रस संपला होता.

आता माझी झुंज काय, ते सांगायला हवं. मी पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रार नोंदणी कक्षात वरिष्ठ लिपिक आहे. आमचा कक्ष पाणी देत नाही, पाणी न आल्याची नोंद घेतो. त्यासाठी एक फॉर्म आहे आणि त्या फॉर्मच्या चौथ्या रकान्यात मालमत्ता क्रमांक लिहावा लागतो. नाल्यापलीकडे पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. त्या घरांना मालमत्ता क्रमांक नाही. क्रमांक नसला की कॉम्प्युटर फॉर्म 'अपूर्ण' म्हणून बाजूला टाकतो, आणि अपूर्ण फॉर्म पुढे कुणाकडेही जात नाही. म्हणजे तिथे पाणी येत नव्हतं आणि तक्रार जात नव्हती.

सहा वर्षांपूर्वी आमच्या इस्त्रीवाल्या काकूंनी माझ्याकडे त्यांचा फॉर्म भरून मागितला. काकू त्याच वस्तीत राहतात आणि आमच्या इमारतीच्या फाटकाशी टेबल लावून इस्त्री करतात. चौथ्या रकान्यापाशी मी अडलो, वैतागलो, आणि वैतागाच्या भरात त्यांच्या दारासमोरच्या विजेच्या खांबावर रंगवलेला नंबर तिथे लिहून टाकला. कॉम्प्युटरनं तो निमूटपणे घेतला. नवव्या दिवशी फिटर खांब शोधत आला आणि पाइप जोडून गेला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी काकूंच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसतो आणि वस्तीतल्या लोकांचे फॉर्म भरतो. याला झुंज म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मी त्याला रविवार म्हणत होतो.

बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला कुठलीही गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय पटत नाही. "नेते?" ती म्हणाली. "अहो, परवा बसच्या रांगेत तुमच्या पुढे चार माणसं घुसली."

"मी त्यांना जाऊ दिलं."

"तेच म्हणते मी." मग तिनं जाहिरात दोनदा वाचली आणि म्हणाली, "भरा अर्ज. नाही मिळालं तर घरीच आहात."

अर्ज तेवीस पानांचा होता. मी आयुष्यभर दुसऱ्यांना फॉर्म भरायला लावत आलो, त्यामुळे हा अनुभव मला यायलाच हवा होता, असं मुलीचं मत पडलं. सातव्या पानावर प्रश्न होता : 'आपला बदलाचा सिद्धांत पाचशे शब्दांत मांडा.' मी प्रामाणिकपणे विचार केला. माझा सिद्धांत 'खांबाचा नंबर लिहावा' एवढाच होता. तीन शब्द झाले. उरलेल्या चारशे सत्त्याण्णव शब्दांसाठी मी तळमजल्यावरच्या सरांकडे गेलो.

सर निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण जिन्यात लावलेल्या सूचनांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ते अजून लाल पेनानं दुरुस्त करतात. त्यांनी दोन दिवसांत निबंध लिहून दिला. 'मानवी संस्कृतीच्या उषःकालापासून जल हे जीवनाचे अधिष्ठान राहिले आहे,' अशी सुरुवात होती. संस्कृती उषःकालापासून निघून आमच्या नाल्यापर्यंत येईतो चारशे साठ शब्द खर्ची पडले होते.

"सर, यात मी कुठे आहे?" मी विचारलं.

"शेवटच्या ओळीत. 'इत्यादी प्रयत्न स्थानिक पातळीवर सुरू आहेत.' त्या 'इत्यादी'त."

मला स्वतःला 'इत्यादी' म्हणवून घेण्याची सवय आहे, पण फेलोशिपच्या अर्जात तरी जरा पुढे यावं असं वाटत होतं. मुलीनं रात्रीच्या जेवणाआधी गुपचूप निबंध बदलला आणि खांबाची गोष्ट जशी घडली तशी लिहून टाकली. सरांना हे सांगायचं धाडस आमच्यापैकी कुणालाच झालं नाही.

पुढे फोटो हवा होता, 'प्रत्यक्ष कार्य करताना'. समोरच्या दारातल्या विमावाल्या शेजाऱ्यांनी ती जबाबदारी आपणहून घेतली. विमा विकून विकून त्यांना माणसाच्या मनातली भीती कुठे असते ते नेमकं कळतं. "फोटोत दुःख पाहिजे," ते म्हणाले. "रिकामे हंडे, सुकलेले चेहरे. बघणाऱ्याचा जीव हलला पाहिजे. नाहीतर देतील का कुणी?"

रविवारी ते कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी रांगेतल्या लोकांना तहानलेले दिसायला सांगितलं. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. काकूंनी इस्त्री उभी केली.

"पाणी येतंय की आम्हाला," त्या म्हणाल्या. "मध्ये मध्ये बिघडतं, त्याचे फॉर्म आहेत हे. तहानलेलं कशाला दिसायचं?"

"फोटोपुरतं हो काकू."

"फोटो म्हणजे कायमचा राहतो. दहा मिनिटं थांबा सगळे."

दहा मिनिटांनी अख्खी रांग केस विंचरून, काकूंनी तिथल्या तिथे इस्त्री केलेले कपडे घालून परत आली. कुणीतरी नातवाला बूट घालून आणलं होतं. मी सकाळपासून उन्हात बसल्यानं घामाघूम, शर्टाच्या कॉलरला शाईचा डाग. फोटोत काकू टेबलावर हात ठेवून ताठ उभ्या राहून काहीतरी समजावत आहेत आणि मी खाली स्टुलावर बसून तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघतो आहे. रिकाम्या हंड्यासारखा दिसणारा त्यात एकटा मीच होतो. बायकोनं फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, "यातला लाभार्थी कोण?"

दुसरा फोटो काढायला विमावाले तयार नव्हते. त्यांच्या कलेचा अपमान झाला होता. तोच अर्जाला लावला.

एकविसाव्या पानावर कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र मागितलं होतं. इथून पुढचं सगळं माझ्या डोक्यातल्या हवेमुळे घडलं, हे मी आधीच कबूल करतो. मी रीतसर अर्ज केला. आस्थापना विभागातल्या बाईंनी तो उलटसुलट वाचला.

"कारकिर्दीच्या मध्यावर असल्याचा दाखला कुठाय?"

"असा दाखला असतो?"

"नसतो. पण यांनी लिहिलंय ना मध्यावर, मग मी कशावरून धरू?" त्यांनी माझं सेवापुस्तक काढलं, बोटांवर मोजलं आणि सहानुभूतीनं वर पाहिलं. "नोकरी एकोणीस वर्षं झाली, उरली तेरा. तुमचा मध्य तीन वर्षांपूर्वीच होऊन गेला."

मला उगीचच गलबलून आलं. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी आपण डबा घेऊन ऑफिसला गेलो असणार, चार शिक्के मारले असणार आणि आयुष्याचा मध्य शेजारून निघून गेला असणार, हे कुणी असं काउंटरवरून सांगू नये. बाईंनी 'मध्यालगत' असा शेरा मारून फाइल साहेबांकडे पाठवली.

साहेब खात्याचे उपअभियंता. माणूस वाईट नाही, पण कागद पूर्ण वाचतो. त्यांनी अर्जासोबत जोडलेली, मुलीनं लिहिलेली खांबाची गोष्ट पूर्ण वाचली आणि मला बोलावलं.

"मालमत्ता क्रमांकाच्या रकान्यात तुम्ही खांबाचा नंबर लिहिता?"

"हो साहेब. सहा वर्षं."

"खांब वीज खात्याचा. त्याचा नंबर आपल्या फॉर्मवर कसा? उद्या ऑडिटला मी काय सांगू?"

त्याच संध्याकाळी आदेश निघाला : खांब क्रमांक लिहिलेले अर्ज अपूर्ण समजावेत. वस्तीचे एक्केचाळीस अर्ज त्या वेळी प्रलंबित होते. सगळे बाजूला पडले. ते बाजूला टाकण्याचं काम कक्षातला वरिष्ठ लिपिक म्हणून माझंच होतं. विषमतेशी झुंजणाऱ्या नेतृत्वानं एकेक फॉर्म उचलून त्यावर 'अपूर्ण' असा शिक्का मारला. सहा वर्षांत कुणाच्या लक्षात न आलेली वाट मी स्वतःच्या कौतुकासाठी तेवीस पानांत लिहून, सही करून, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली होती.

रविवारी काकूंना सांगायला गेलो. त्या एका शर्टाची कॉलर करत होत्या. कॉलर पूर्ण करून त्यांनी शर्टाची घडी घातली.

"साहेबांना सांगायला कुणी सांगितलं होतं, भाऊ?"

"अर्जात विचारलं होतं, काय केलं ते सविस्तर लिहा म्हणून."

"विचारलं की सांगायचं?"

मी स्टूल उचलून बाजूला ठेवलं. रांगेतली माणसं एकेक करून घरी गेली. कुणी वाकडं बोललं नाही. उलट एका आजोबांनी, "होतं असं," म्हणून माझी समजूत घातली, आणि त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "अर्ज मागे घ्यायचा की आदेश मागे घ्यायला लावायचा, ते ठरवा. उपाशी राहून दोन्ही होत नाही."

सोमवारी मी साहेबांना चार पानांचं निवेदन दिलं. मंगळवारी दुसरं दिलं. साहेबांनी दोन्ही पूर्ण वाचली आणि दोन्हींवर 'नियमात बसत नाही' असं लिहिलं. मी तिसरं निवेदन लिहीत होतो तेव्हा, बुधवारी दुपारी, आमच्या ऑफिसचं पाणी गेलं.

त्याचं असं झालं, की बाजूला पडलेल्या एक्केचाळीस अर्जांपैकी तेरा अर्ज नाल्याजवळच्या एकाच व्हॉल्व्हबद्दल होते. तो गळतो आहे असं तेरा घरांनी खांब नंबरसह कळवलं होतं. कुणी दुरुस्त केला नाही, व्हॉल्व्ह निकामी झाला आणि त्याच लाइनवर असलेलं पाणीपुरवठा खातं कोरडं पडलं.

साहेबांनी मला तक्रार नोंदवायला सांगितलं. मी फॉर्म घेतला, खात्याचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि चौथ्या रकान्यापाशी थांबलो.

"साहेब, आपला मालमत्ता क्रमांक?"

दोन दिवस फाइली उपसल्या. आमचं ऑफिस बावीस वर्षांपूर्वी सहा महिन्यांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या शेडमध्ये आहे. तात्पुरत्या शेडला क्रमांक देत नाहीत. मी साहेबांचा फॉर्म क्रमांकाशिवाय भरून पाहिला. कॉम्प्युटरनं कुठलाही भेदभाव न करता तो वस्तीच्या अर्जांशेजारी नेऊन ठेवला.

त्या दोन दिवसांत खात्यातले सगळे हात धुवायला, आणि इतर गोष्टींसाठीही, मैदानापलीकडच्या करवसुली कार्यालयात जात होते. तिथे बाहेरच्या माणसाला रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि कामाचं स्वरूप लिहून आत जावं लागतं. उपअभियंत्यांना कामाचं स्वरूप लिहिताना पाहणं हे मला सुद्धा बरं वाटलं नाही.

शुक्रवारी साहेब तिथून परतले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले. त्यांनी खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं.

"बाहेर खांब आहे का हो आपल्या?"

"आहे साहेब. दोनशे बारा."

"मग लिहा."

"साहेब, आदेश आहे."

मी हे खोडसाळपणानं म्हणालो नाही. एकोणीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघालं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या माझ्या तिसऱ्या निवेदनाकडे पाहिलं आणि ते उभ्याउभ्या वाचून काढलं. तासाभरात नवीन आदेश निघाला : चौथ्या रकान्यात मालमत्ता क्रमांक, अथवा तो नसल्यास लगतच्या खांबाचा क्रमांक ग्राह्य धरावा. सहा वर्षं चोरून चालत आलेली गोष्ट छापील नियम झाली. त्याच सहीच्या ओघात त्यांनी माझं ना हरकत प्रमाणपत्रही सही करून दिलं. नंतर ते घाईघाईनं मैदानाच्या दिशेनं गेले.

रविवारी रांग नेहमीपेक्षा मोठी होती. काकूंनी माझ्यासाठी चहा मागवला. क्षमा झाली असं समजून मी तो प्यायलो.

अर्ज गेला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घ्यायला तीन जण होते, दोन महिला आणि एक गृहस्थ. खोली इतकी थंड होती, की घाम फुटायची सोय नव्हती. मधल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या कामातलं सगळ्यात मोठं अपयश कोणतं?"

सरांनी या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्यात 'अपयश हीच यशाची' असं काहीतरी होतं. ऐन वेळी ते आठवेना.

"हा अर्ज," मी म्हणालो. आणि मग शिक्के मारल्यापासून करवसुलीच्या रजिस्टरपर्यंत सगळं सांगून टाकलं. गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. ते हसत होते की थंडीनं पाणी आलं होतं, हे मला ठरवता आलं नाही.

"तुमच्या कामाबद्दल सांगू शकेल अशी व्यक्ती म्हणून तुम्ही ज्यांचं नाव दिलंय, त्यांना आम्ही काल फोन केला होता," मधल्या बाई म्हणाल्या. ते नाव काकूंचं होतं. "त्या म्हणाल्या, माणूस चांगला आहे, पण वर्षभर नेऊ नका. न्यायचाच असेल तर बदली माणूस द्या."

मी घरी आलो तो ही संधी गेली असं धरूनच. आठवड्यानं पत्र आलं. निवड झाली होती, एका अटीवर : माझ्या गैरहजेरीत रविवारचं काम चालू राहील याची व्यवस्था आधी दाखवावी.

खरं सांगतो, ही अट वाचून मला निवडीपेक्षा जास्त आनंद झाला. माझ्यावाचून काम अडेल असं कुणीतरी लेटरहेडवर लिहून दिलं होतं. आता बदली माणूस कुठून आणायचा, म्हणून मी चारचौघांत चिंता करत हिंडू लागलो. ती चिंता करताना माझी मान जरा ताठ होत असे, असं बायको म्हणते. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरून सर वर आले आणि म्हणाले, "मी बसतो."

पहिल्या रविवारी सरांनी दोन तासांत चार फॉर्म भरले. प्रत्येकाची सुरुवात 'महोदय, जलाभावाने आमची अवस्था शोचनीय झाली आहे' अशी होती. तक्रारीचं वाक्य नीट केल्याशिवाय फॉर्म घेणार नाही म्हणून त्यांनी दोघांना परत पाठवलं. मी बाजूला उभा राहून हळहळत होतो. हळहळताना मला फार बरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी काकूंनी कायदा केला. "सर, एका शर्टाला एक फॉर्म. माझा शर्ट झाला की तुमचा फॉर्म झाला पाहिजे."

सर आयुष्यभर घंटेवर जगलेले. त्यांना हे लगेच कळलं. पहिल्या तासात काकू तीन शर्टांनी पुढे होत्या, दुसऱ्या तासात बरोबरी झाली. तिसऱ्या रविवारी सर पुढे गेले. त्यांनी गल्लीवार नोंदवही केली, कुठल्या फॉर्मचं पुढे काय झालं याचा वेगळा रकाना आखला, आणि ज्या तक्रारीला पंधरा दिवसांत उत्तर नाही तिची आठवण लाल पेनानं थेट साहेबांना जाऊ लागली. मला हे सहा वर्षांत सुचलं नव्हतं. "सरांचं अक्षर काय सुंदर आहे हो," असं मला रांगेतल्या तीन जणांनी वेगवेगळं सांगितलं. मी तिघांनाही "हो ना" म्हणालो.

अट पूर्ण झाल्याचं पत्र मी स्वतः लिहिलं. ते लिहायला मला एका शर्टापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

जाण्याचा दिवस रविवारच होता. गाडी अकराला होती. बायको आणि मुलगी सामान घेऊन पुढे स्टँडवर गेल्या आणि मी निरोप घ्यायला फाटकाशी थांबलो. काही समारंभ व्हावा अशी माझी अपेक्षा नव्हती. तरीही दोन शब्द बोलायला सांगितलंच तर अडायला नको, म्हणून एक कागद खिशात ठेवला होता.

टेबलापाशी वीस-पंचवीस माणसं होती. मी सरळ पुढे जायला लागलो, तर मागून एकानं दंडाला धरलं. वस्तीत नव्यानं राहायला आलेला माणूस असावा, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"काका, रांग इथून आहे."

मी रांगेत उभा राहिलो. पुढे सर मान खाली घालून लिहीत होते, काकूंची इस्त्री चालली होती, आणि रांग इतकी झरझर सरकत होती, की मला रागवायला पुरेसा वेळ मिळाला नाही. माझ्या पुढच्या बाईनं आपला फॉर्म मला दाखवून चौथा रकाना बरोबर आहे ना, असं विचारलं. बरोबर होता. तिनं तो स्वतःच भरला होता.

माझा नंबर आला. सरांनी वर न बघता कोरा फॉर्म पुढे ओढला.

"बोला, तक्रार काय?"

काकूंनी मला पाहिलं. त्यांच्या हातात अर्धा झालेला शर्ट होता, त्यामुळे त्या नुसत्या हसल्या.

"काही नाही," मी म्हणालो.

"मग बाजूला व्हा," सर म्हणाले, "मागे लोक आहेत."

मी बाजूला झालो आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागलो. खिशातला कागद तसाच होता, आणि मला खरोखरच काही तक्रार नव्हती.